जिल्हा फुटेपर्यंत लग्न थांबलंय

वडगाव रासाई, ता. शिरूर
७ फेब्रुवारी १९९९

मच्छू,

तुझ्या गावात पोस्ट हाय, चौकात फोनचं दुकान हाय, तुझ्या घरात पेन हाय. तरी पोरीचं लग्न लांबणीवर टाकल्याचा निरोप तू तुमच्या गावच्या म्हस्कूच्या तोंडी दिलास! मी तुझी सख्खी थोरली बहीण, का बाजारातली गिऱ्हाईक? काल शिरूरच्या बाजारात मी कांद्याच्या पिशवीवर बसून भेळ खात होते. तर हा माणूस चार दुकानं लांबनं बोंबलतो, "सोजराक्का, लग्न लांबलं बरं का! जिल्हा फुटतोय!" सगळा बाजार वळून माझ्याकडं बघायला लागला. शेजारची भाजीवाली म्हणली, "मावशी, काय फुटलं?" म्हणलं, "माझं डोकं." भेळ तशीच टाकली आन् मिळेल त्या जीपनं घरी आले.

साखरपुड्याला चाळीस माणसं जेवली. चौदा मार्च ही तारीख मी न्हाई काढली, तू काढलीस. रविवार हाय, सगळ्यांना बरं पडंल, म्हणालास. बौद्धाचार्यांना सांगून झालं, मंडपवाल्याला सांगून झालं. माझ्या महेंद्रनं मोटारसायकल घेतली, का, तर लग्न झाल्यावर कारेगावची खोली सोडून रोज घरनं कंपनीत जाता यावं. आन् तू म्हणतोस जिल्हा फुटतोय. फुटू दे की! जिल्हा काय आपल्या मंडपात फुटणार हाय?

तुझी माया मला सून म्हणून यायची हे आज ठरलेलं न्हाई. ती पाळण्यात व्हती तवा वहिनीनं माझ्या मांडीवर ठेवून सांगितलं व्हतं, ही तुमची. आता वहिनी न्हाई म्हणून तू बदललास का?

तुझे दाजी भिमाजी म्हणतात, थांब, त्याचं काय ते ऐकून घे. ह्यांना काय, ह्यांना सगळ्यांचंच ऐकून घ्यायची सवय. म्हणून ऐकते. काय ते लिही. सरळ लिही, पेपरासारखं लिहू नकोस.

सोजर


पाटस, ता. दौंड
१३ फेब्रुवारी १९९९

ती. आक्कास मच्छिंद्रचा सप्रेम जय भीम.

पत्र मिळाले. म्हस्कूला मी एवढेच म्हणालो होतो की आक्काला सांग, पत्र लिहितो आहे. पुढचे त्याने स्वतःच्या पदरचे घातले. पण कारण त्याला सांगितले ही माझी चूक, ती कबूल.

आता रागावू नकोस आणि शांतपणे वाच. आपले राज्य फार मोठे आहे. मुंबईत बसलेल्या माणसाला गडचिरोली दिसत नाही. म्हणून राज्याचे विभाग केले, विभागाचे जिल्हे, जिल्ह्याचे तालुके. आपण शाळेत होतो तेव्हा गुरुजींनी सव्वीस जिल्हे पाठ करून घेतले होते, तुला आठवत असेल. माझे बावीसच यायचे आणि उरलेल्या चारांसाठी मी मार खायचो. ते सव्वीस वाढत वाढत आता तेहतीस झाले. गेल्या जुलैत नंदुरबार आणि वाशीम झाले. येत्या एक मेला हिंगोली आणि गोंदिया होणार असे म्हणतात. मग पुणे जिल्हा एवढा अवाढव्य, तो किती दिवस एकत्र राहील? कारखान्याच्या काट्यावर माझी ड्यूटी असते. उसाच्या गाड्या वजन होईपर्यंत थांबतात, तिथे दहा गावची माणसे बोलतात. सगळ्यांचे म्हणणे एकच, की दौंड, बारामती, इंदापूर एकीकडे जाणार आणि शिरूर, खेड, जुन्नर दुसरीकडे.

तू म्हणशील, जाईना. पण माया जिल्हा परिषदेची शिक्षिका आहे. तिची नोकरी जिल्ह्याची. आज दौंडमधून शिरूरला बदली मागता येते, कारण जिल्हा एक आहे. उद्या मध्ये हद्द आली तर ती जिल्ह्याबाहेरची बदली झाली, आणि ती मिळता मिळता केस पिकतात. काट्यावर माझ्याबरोबर हौशीराम आहे. त्याची सून दुसऱ्या जिल्ह्यात शिक्षिका आहे, मुलगा इथे. सहा वर्षे झाली, अजून बदली नाही. नातू बापाला "पाव्हणं" म्हणतो. माझ्या पोरीचे तसे व्हावे का?

म्हणून म्हणतो, एक मेपर्यंत थांबू. काय ते कळेल, मग तारीख काढू. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला नकाशा काढून सोबत पाठवतो. लाल शाईची रेघ म्हणजे होणारी हद्द. रेघेच्या वर तुझे घर, खाली माझे. दाजींना जय भीम, महेंद्रला आशीर्वाद.

तुझा भाऊ,
मच्छिंद्र


वडगाव रासाई
२० फेब्रुवारी १९९९

मच्छू,

नकाशा आला. भिमाजींनी तो आधी उलटा धरला, मग आडवा धरला, आन् म्हणाले, "मच्छिंद्रचा हात बरा हाय." एवढंच कळलं त्यांना. मी मात्र नीट बघितला. तुझी लाल रेघ भीमेच्या पाण्यावरनं गेलीय. नदी काय आज आली का तिथं? आपण जन्माला आलो तवापासनं अलीकडं शिरूर आन् पलीकडं दौंड. मी लग्न होऊन त्या काठावरनं ह्या काठावर आले, तवा कुणी तालुका बघितला न्हाई.

पण तू सरकारी कारण काढलंस म्हणून मी सरकारलाच विचारायला गेले. शिरूरला तहसीलमधी गेले. बाकड्यावर तास गेला. मग एक भाऊसाहेब मोकळे दिसले तर त्यांच्या टेबलावर तुझा नकाशा पसरला.

"मावशी, जमिनीचा वाद का?"

"न्हाई. माझ्या पोराचं लग्न जिल्ह्यामुळं अडलंय."

"कुठल्या जिल्ह्यामुळं?"

"ह्याच. हा फुटणार हाय ना? कवा फुटणार तेवढं सांगा, म्हंजी मला मंडपवाल्याला सांगाय येतंय."

त्यांनी चष्मा काढला. शेजारच्या टेबलावरच्याला हाक मारून नकाशा दाखवला. दोघंबी हसले, पण वाईट हसले न्हाईत. मग म्हणाले, "मावशी, मी नोकरीला लागल्यापासनं दर निवडणुकीला हा जिल्हा फुटतो आन् निकाल लागला की परत चिकटतो. आमच्याकडं असा कुठलाबी कागद आलेला न्हाई."

म्हणलं, "आन् उद्या आला तर? मास्तरणीचं काय?"

तर म्हणाले, नवा जिल्हा करताना नोकरदारांना आधी विचारत्यात, तुला हिकडं राह्यचं का तिकडं. त्याला विकल्प म्हणत्यात. हा शब्द मी त्यांच्याकडनं चिठ्ठीवर लिहून घेतलाय, चिठ्ठी जपून ठेवलीय, तुला बघायची असली तर ये. जाताना चहा बी पाजला त्यांनी. मी न्हाई म्हणले न्हाई.

आता मला सांग. आपण मुहूर्त सोडला, पंचांग सोडलं, गुण जुळवायचे सोडले. आपल्या आबानं तर साडेसातीचं नाव काढणाऱ्याला दारातनं हाकललं व्हतं. आन् तू त्याच आबाचा पोरगा, मुंबईत कवा फाईल हलतीय त्याचा मुहूर्त बघत बसलास! भटजीचा मुहूर्त निदान दोन तासात निघतो तरी.

आन् समज, पडलीच तुझी रेघ. मग पोरगी रेघ पडायच्या आधी अलीकडं पाहिजे का नंतर? तूच लिहिलंयस, नंतर अवघड. मग थांबतोस कशाला? मला चौथीपर्यंतच शिकवलं, तरी एवढं कळतंय. तुला दहावीपर्यंत शिकवून काय उपयोग झाला?

अजून एक. हे माझं मला सुचलंय, परवा धुणं धुताना. आपल्या घाटावरनं समोरच्या काठाला एक वस्तीवरची शाळा दिसती. दौंडातली. दोन खोल्या, पुढं लिंबाचं झाड. दोन वर्षं झाली तिथं एकच गुरुजी हाय, दुसरी जागा रिकामी. का, तर दौंडकडनं तिथं गाडीच जात न्हाई, म्हणून कुणी जागा मागत न्हाई. पण आमच्याकडनं? बंधाऱ्यावरनं चालत पाव तास! मायानं ती जागा मागावी. नोकरी दौंडात, चूल शिरूरात. तालुका बदलायचा न्हाई, जिल्हा बदलायचा न्हाई, विकल्प बी नको. मग तुझी लाल रेघ नदीच्या मधनं जाऊ दे न्हाईतर आमच्या चुलीच्या मधनं, मला काय?

ह्याला उत्तर दे. हौशीरामाचा नातू मधी आणू नकोस.

सोजर


पाटस
२७ फेब्रुवारी १९९९

ती. आक्कास सप्रेम जय भीम.

पत्र मिळाले. तू कचेरीत जाऊन घरच्या गोष्टी टेबलावर मांडल्यास हे बरे केले नाहीस. शिरूरच्या तहसीलमधला एक जण दौंडला बदलून आला आहे, तो परवा काट्यावर भेटला आणि म्हणाला, "तुम्हीच का ते नकाशावाले?" मी नाही म्हणून सांगितले.

नदीकाठच्या शाळेचे म्हणतेस, ते बोलायला सोपे आहे. शिक्षकाने शाळेच्या गावी राहिले पाहिजे असा नियम आहे. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून पाणी जाते. तेव्हा पुलावरून फेरा घालून जायचे तर किती लांब पडेल? बंधाऱ्याला कठडा नाही. माया लहान आहे, तिला पाण्याची सवय नाही. विकल्पाचे भाऊसाहेबांनी सांगितले ते खरे असेल, पण तोंडी सांगितलेले आणि सरकारी कागदावर आलेले यात फरक असतो. चहा पाजला म्हणून कोणी खरेच बोलतो असे नाही.

शिवाय हंगाम जोरात आहे, मला रजा नाही. सकाळी सहाला काट्यावर हजर व्हावे लागते. माया पाचला उठून डबा करून देते म्हणून निभते. ते असो. सध्या एवढेच म्हणतो की घाई नको. एक मे काही लांब नाही.

मायाला मी विचारले. ती काही बोलत नाही. म्हणजे तिचीही घाई नसावी.

तुझा भाऊ,
मच्छिंद्र


पाटस
८ मार्च १९९९

प्रिय आत्या,

लग्न ठरल्यापासून तुला तू म्हणायचं की तुम्ही, हे मला कळेनासं झालंय. समोर आल्यावर तुम्ही म्हणीन. पत्रात तूच म्हणते.

हे पत्र मी शाळेतून लिहितेय, आप्पांना माहीत नाही. तू त्यांना सांगू नकोस. खरंच सांगू नकोस. तुझ्या पोटात काही राहत नाही हे मला माहीत आहे, तरी सांगतेय.

तुझी शेवटची दोन्ही पत्रं मी वाचली. आप्पा ती उशाखाली ठेवतात. तुला धुणं धुताना सुचलं ते मला डिसेंबरात रजा काढून तुझ्याकडे आले होते तेव्हाच सुचलं होतं. घाटावर उभी होते, समोरच्या शाळेतली मुलं पाढे म्हणत होती. गुरुजी दुसऱ्या खोलीत होते, त्यामुळे सगळीच चुकत होती आणि मोठ्यानं चुकत होती. तेव्हाच ठरवलं. जानेवारीत मी त्या जागेसाठी बदलीचा अर्ज पंचायत समितीत देऊन आले. ती जागा दुसऱ्या कुणी मागितलेलीच नाही, तिथले साहेब म्हणाले, मे महिन्यात ऑर्डर निघायला हरकत नाही. नियमाचं म्हणशील तर वस्तीवर एक खोली नावाला भाड्यानं घ्यायची माझी तयारी आहे, पावसाळ्यात पाणी चढलं की तिथंच राहीन. मला पोहता येतं हे आप्पा विसरले. त्यांनीच कॅनॉलमध्ये शिकवलं.

अर्जाची पोच माझ्या पर्समध्ये होती. ती आप्पांच्या हाती लागली. वाचून जागच्या जागी ठेवली. जेवले, भांडं धुतलं, झोपले. आणि दुसऱ्या दिवशी काट्यावरून आले ते जिल्ह्याची बातमी घेऊनच. तेव्हापासून दर आठवड्याला एक नवा नकाशा काढतात. आपल्या घरातलं कॅलेंडर आता डिसेंबरपासून मागे जुलैपर्यंत फाटलंय.

आई गेल्यापासून चार वर्षं आम्ही दोघंच आहोत. ते स्वतः काही सांगणार नाहीत. मी "मला जायचंय" म्हणाले तर ते लगेच "जा" म्हणतील आणि मग मला जाववणार नाही. म्हणून मी गप्प बसते. त्याला ते घाई नाही समजतात, तर समजू देत.

काल रविवारी सकाळी सायकल घेऊन न सांगता कुठंतरी गेले, ते दिवस मावळताना आले. पायात चिखल होता. विचारलं तर म्हणाले, ऊस बघायला गेलो होतो. रोज हजार गाड्या ऊस बघणारा माणूस सुट्टीच्या दिवशी ऊस बघायला जातो का?

तू काहीतरी कर. पण माझं नाव मध्ये येऊ देऊ नकोस.

तुझी,
माया


वडगाव रासाई
११ मार्च १९९९

मच्छू,

मला कुणाचं पत्र आलेलं न्हाई. आधीच सांगते. जे लिहितेय ते माझ्या डोळ्यांनी बघितलेलं लिहितेय.

रविवारी दुपारी मी घाटावर गोधडी आपटत व्हते. समोरच्या शाळेपाशी एक माणूस आला. सायकल लिंबाला टेकवली. शाळेला कुलूप, तरी खिडकीला डोकं लावून आत बघितलं. हापशावर जाऊन पाणी येतंय का बघितलं. मग बंधाऱ्यावर आला आन् पावलं मोजत चालायला लागला. तोंडानं मोजत व्हता, मला इथनं ओठ दिसत व्हते. बरोबर मध्यावर आला आन् थांबला. मी म्हणलं, आता येतोय. गोधडी टाकून घरात गेले, चहाचं आधण ठेवलं, भिमाजींना दुकानात साखर आणाय पिटाळलं. बाहेर येऊन बघते तर माघारी वळून निम्म्या वाटंवर गेलेला! बहिणीच्या घराचं दार उघडं दिसतंय आन् तू नदीच्या मध्यावरनं परत गेलास? भिमाजींनी तो सगळा चहा एकट्यांनी पिला आन् रात्रभर जागे राह्यले.

किती पावलं भरली ते मला सांगू नकोस. मी काल मोजली. दोनशे चाळीस. तुझे पाय लांब, तुझी कमी भरली असतील.

आता कठडा न्हाई, पाणी चढतंय, नियम हाय, हे सगळं बास. मला कळलंय. जिल्हा फुटायची तुला भीती न्हाई, तुझं घर फुटायची भीती हाय. ते सरळ लिहायला काय झालं व्हतं? मी काय हसले असते? हसले असते थोडी, पण मग गप बसले असते. वहिनी गेली तवा तू माझ्यासमोर रडला न्हाईस, आन् आता सहा महिन्यांची पानं फाडून लाल शाई सांडतोस.

पोरगी पाचला उठून डबा करती म्हणून निभतंय, असं तूच लिहिलंस आन् वर "ते असो" म्हणालास. मी ते असू देणार न्हाई. तुझा कारखाना सहा महिने चालतो. उरलेले सहा महिने तू काय करतोस? बंद काट्याकडं बघत पारावर बसतोस. तर सरकार जिल्ह्याचे दोन भाग करील तवा करील, मी आजच तुझे दोन भाग करते. हंगामाचे सहा महिने तू पाटसचा. सकाळचा डबा तिथल्या खानावळीतनं लावायचा, आन् तोंड वाकडं करायचं न्हाई. दर सुट्टीला सायकल काढायची आन् बंधारा पुरा पार करून यायचं. हंगाम संपला की सहा महिने तू वडगावचा. कांदा आमचा काढाय येतो, काढू लागायचं. तुझ्या हिशेबी डोक्याचा भिमाजींना उपयोग व्हईल, ते बाजारात कुणालाबी कितीलाबी देऊन येतात.

तू म्हणशील, लेकीच्या सासरी बापानं राहू नये, तिथलं पाणीबी पिऊ नये. म्हणशीलच, मी तुला ओळखते. पण मला सांग, हे मायाचं सासर हाय त्याच्या आधी कुणाचं घर हाय? तुझ्या बहिणीचं. भाऊ बहिणीकडं राहतो त्याला कुठं कोण नावं ठेवतं? तू ओसरीत बसशील तवा माझा भाऊ म्हणून बस. माया ताट वाढंल तवा तिचा बाप म्हणून जेव. तेवढं तुला जमंल. मागची खोली भिमाजींनी रिकामी केलीय, तिथली पेंड हलवली. सारवून मी घेते.

तारखेचं. येत्या रविवारी चौदा तारीख. जिथं मंडप पडायचा तिथं कोंबड्या बसणार, हे मला दिसतंय आन् मी ते विसरणार न्हाई. आता तीस एप्रिल. शुक्रवार हाय. बुद्धपौर्णिमा हाय, पण मुहूर्त म्हणून न्हाई सांगत. महेंद्रच्या कंपनीला सुट्टी असती आन् तुझा हंगामबी तवर उरकलेला असतो, म्हणून सांगते. दुसऱ्या दिवशी एक मे. त्या दिवशी सरकारला किती जिल्हे करायचे तेवढे करू दे. तोवर माया ह्या काठाला आलेली असंल आन् तू बी. मग तुम्ही दोघं सकाळी चहा पीत रेडिओ लावा आन् आपण कुठल्या जिल्ह्यात जागे झालो ते ऐका.

बौद्धाचार्यांना मी तीस तारीख सांगून आलेय. मंडपवाल्याला न्हाई सांगितली, तो आता आगाऊ पैसे मागतो. तुझं उत्तर आल्याशिवाय मी ते देणार न्हाई.

तर वीस मार्च, शनिवार, ह्या दिवसाच्या आत मला तुझ्या हातचं पत्र पाहिजे. लांबण लावायची न्हाई. राज्य किती मोठं ते नको, तालुके नकोत, नकाशा तर बिलकुल नको. व्हय का न्हाई, एवढा एक शब्द लिही. शनिवारी टपाल आलं न्हाई तर रविवारी सकाळी मी पाटसला येते, आन् व्हय म्हणेपर्यंत तुझ्या घरनं हलत न्हाई. मला पाचला उठून डबा करायची सवय न्हाई, हे ध्यानात ठेव.

सोजर